पोरगी कामाले गेली

मार्कंडा हे गडचिरोली जिल्ह्यातल्या चामोर्शी तालुक्यातलं वैनगंगेकाठचं देवस्थान. नदीपलीकडे चंद्रपूर जिल्हा. पैशासाठी होणाऱ्या लैंगिक शोषणात अल्पवयीन मुलं कशी ओढली जातात, त्याआधी त्यांच्या घरात काय घडलेलं असतं, हे समजून घेत मी या दोन्ही काठांवरच्या गावांत फिरले. मी पोलीस नाही, त्यामुळे टोळ्यांच्या कहाण्या माझ्याकडे नाहीत. जे लक्षात आलं ते क्रमांक घालून लिहिते. वाद घालायला सोपं जाईल.

१. आकडा ऐकला की तो कशाचा, ते आधी विचारा. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या एस्टेस आणि वाइनर यांनी २००१ साली अमेरिकेतली सुमारे अडीच ते सव्वातीन लाख मुलं अशा शोषणाच्या 'जोखमीत' असल्याचा अंदाज मांडला. पुढे तोच आकडा शोषण झालेल्या मुलांचा म्हणून भाषणांत फिरत राहिला. आपल्याकडे 'बेपत्ता' मुलींचं असंच होतं. कोणी म्हणतं, सगळ्या विकल्या गेल्या. कोणी म्हणतं, पळून गेली असेल, येईल परत. दोन्ही बोलणी आळशी आहेत. मूल बेपत्ता झालं की अपहरण किंवा मानवी व्यापार गृहीत धरून गुन्हा नोंदवा, असं सर्वोच्च न्यायालयाने मे २०१३ मध्ये सांगितलं. आधी शोध घ्या, मत नंतर बनवा, एवढाच त्याचा अर्थ.

२. गरिबी हे अर्धंच उत्तर आहे. एकाच टोलीवरच्या दोन सारख्याच गरीब घरांतली एक मुलगी बारावीला पोचते आणि दुसरीचा पत्ता लागत नाही. फरक कुठे असतो? शाळा सुटलेली असते. आई वारलेली किंवा सोडून गेलेली असते. घरातच कोणीतरी आधी अंगचटीला आलेलं असतं आणि ते बोलायला जागा नसते. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, तरी बापाच्या दारूचा विषय निघाला नाही अशी घरं मला कमीच भेटली. आणि बालविवाह. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या २१.९ टक्के स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. अशा लग्नातून सोळाव्या-सतराव्या वर्षी माहेरी परतलेली मुलगी मला सर्वांत उघड्यावर वाटते. शाळा तिला परत घेत नाही, सासर मोडलेलं, माहेरी ती ओझं. तिला कोणी 'चाल, काम देतो' म्हटलं, तर घरातले अडवत नाहीत, सुटकेचा निःश्वास टाकतात.

३. कॅलेंडर बघा. धान निघालं की माणसं मिरची तोडायला तेलंगणात जातात. धाकट्यांना आईबाप सोबत नेतात. मोठी पोरगी आजीपाशी राहते, नाहीतर तीही मजुरीला जाते. मार्कंड्याची महाशिवरात्रीची यात्रा आणि दहावीची परीक्षा नेमकी याच दिवसांत येते. आजीला विचारलं की उत्तर मिळतं, 'पोरगी कामाले गेली.' कुठे, कोणासोबत, ठेकेदाराचं नाव काय, हे तिला माहीत नसतं. जोखीम मुलीच्या चालचलणुकीत शोधू नका. तिच्याबद्दल विचारणारं कोणीच नसतं त्या दोन-तीन महिन्यांत शोधा.

४. नेणारा ओळखीचाच असतो. लांबची मावशी, गावात सून म्हणून आलेली बाई, पूर्वी सोबत कामाला गेलेला पोरगा. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगासाठी पी. एम. नायर यांनी केलेल्या देशव्यापी अभ्यासातही नोकरी आणि लग्न हीच ठळक आमिषं दिसतात. आता त्यात मोबाइलवरची मैत्री आली. बल्लारशा स्थानकावरून हैदराबाद, चेन्नई, दिल्ली या तिन्ही दिशांच्या गाड्या मिळतात. तिथवर ती विश्वासानेच जाते, जबरदस्ती नंतर सुरू होते.

५. गोटुलाकडे, म्हणजे आदिवासी गावातल्या मुलामुलींच्या एकत्र जमण्याच्या जागेकडे, बोट दाखवणाऱ्यांपासून सावध राहा. शहरातून येणाऱ्या पाहुण्यांचा हा आवडता विषय. माडियांच्या गोटुलात मुलं गावाच्या नजरेखाली असतात. धोका ती नजर संपते तिथून पुढे सुरू होतो.

६. मुलग्यांबद्दल कोणी विचारत नाही. न्यूयॉर्कमध्ये जॉन जे कॉलेजच्या संशोधकांनी २००८ साली केलेल्या अभ्यासात अशा शोषणात सापडलेल्यांपैकी जवळपास निम्मे मुलगे निघाले. ढाब्यावर, ट्रकवर कामाला लागलेल्या आपल्या पोरांना हा प्रश्न आपण विचारलेलाच नाही.

७. विचारण्यालाही रीत असते. राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्याच दोन गावांत स्त्रीरोगांचा अभ्यास केला. तो १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला आणि ९२ टक्के स्त्रियांना काही ना काही स्त्रीरोग असल्याचं जगाला कळलं. अवघड विषयावरही बाया बोलतात, पण विचारणारा त्यांच्या उपयोगी पडणारा हवा. मुलांच्या बाबतीत अट आणखी कडक. पोक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार गुन्ह्याची माहिती कळली की ती पोलिसांना द्यावीच लागते. त्यामुळे 'कोणाला सांगणार नाही' हे वचन अभ्यासकाने मुलाला देऊच नये. प्रश्न विचारण्याआधीच तसं सांगावं. आणि एकदा सांगून झालेली हकिगत अहवाल चांगला व्हावा म्हणून पुन्हा वदवून घेणं हा छळच आहे. मराठी, माडिया, तेलुगू, बांगला अशा चार भाषांच्या या पट्ट्यात मुलाची भाषा बोलणारं माणूस सोबत नसेल, तर जाऊच नये.

८. ग्राम बाल संरक्षण समिती बहुतेक गावांत कागदावर आहे. सरपंच, अंगणवाडीताई, गुरुजी, तुम्ही तिच्यात आहात. येत्या हंगामात मिरचीला गाडी निघेल तेव्हा वहीत एवढंच लिहून ठेवा: कोण गेलं, वय काय, ठेकेदाराचं नाव आणि फोन नंबर, परत कधी येणार. मागे राहिलेल्या मुलामुलींचीही यादी करा आणि पंधरा दिवसांनी त्यांच्या घरी चक्कर टाका. कोणी दिसलं नाही तर १०९८ वर त्याच दिवशी फोन करा. तो फुकट आहे आणि रात्रीही लागतो.