एकच रस्ता, असमान वाहने

मालमोटार, मोटार आणि मोटारसायकल यांच्या सुरक्षित वाहतुकीचे शास्त्र

महामार्गाच्या कडेला काही मिनिटे उभे राहिले, तर सिमेंटने किंवा धान्याने भरलेली मालमोटार, कुटुंबाला घेऊन जाणारी मोटार आणि दोघांना नेणारी मोटारसायकल एकाच डांबरी पट्ट्यावरून एकापाठोपाठ जाताना दिसतात. कायद्याच्या दृष्टीने त्या तिघींचा रस्त्यावरील हक्क सारखाच आहे. पदार्थविज्ञानाच्या दृष्टीने मात्र त्या समान नाहीत. त्यांचे वजन, थांबण्याची शक्ती, दृष्टीचा आवाका आणि तोल यांत मोठे अंतर असते. हे अंतर ओळखून चालणे म्हणजेच रस्त्यावरील साहचर्य होय.

हा प्रश्न किती गंभीर आहे याची कल्पना केंद्र सरकारच्या आकडेवारीवरून येते. २०२२ या एका वर्षात भारतात ४,६१,३१२ रस्ते अपघात नोंदले गेले व त्यांत १,६८,४९१ माणसे मृत्यू पावली. मृतांपैकी शेकडा ४४.५ दुचाकी वाहनांवरील होती. बेफिकिरी हे यामागील एक कारण आहेच. परंतु दुसऱ्या वाहनाला काय शक्य आहे व काय अशक्य आहे याचे अज्ञान हेही तितकेच मोठे कारण आहे.

१. वजनाचा हिशेब

गतिमान वस्तूचे वस्तुमान आणि वेग यांच्या गुणाकाराला संवेग म्हणतात. दोन वस्तूंची टक्कर होते तेव्हा त्यांचा एकूण संवेग कायम राहतो. तो केवळ दोघींत वाटला जातो. समजा, १६ टन वजनाची मालमोटार ताशी ५० किलोमीटर वेगाने येत आहे आणि स्वारासह २०० किलोग्रॅम वजनाच्या, उभ्या असलेल्या मोटारसायकलीवर ती आदळली. टक्कर होताच दोन्ही वाहने एकत्र पुढे सरकली असे मानले, तर त्यांचा समाईक वेग ताशी ४९.४ किलोमीटर येतो. म्हणजे मालमोटारीचा वेग ताशी जेमतेम अर्ध्या किलोमीटरने कमी होतो. मोटारसायकलीचा वेग मात्र क्षणार्धात शून्यावरून ताशी ४९ किलोमीटरवर जातो. एकाला जो धक्का जाणवतही नाही, तोच दुसऱ्याचे प्राण घेतो. मोटारसायकलीच्या जागी १,२०० किलोग्रॅमची मोटार असती तरी चित्र फारसे बदलले नसते. तिला ताशी सुमारे ४६ किलोमीटरचा हिसका बसला असता. चूक कोणाची, हे न्यायालयात ठरते. इजा कोणाला, हे वजन ठरवते.

२. थांबायला लागणारे अंतर

ब्रेकवर पाय पडताच वाहन थांबते, असा सर्वसाधारण समज आहे. वास्तविक धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंतच सुमारे एक सेकंद जातो. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन तेवढ्यात २२ मीटर पुढे गेलेले असते. त्यानंतर कोरड्या रस्त्यावर मोटारीचा वेग दर सेकंदाला ताशी २२ किलोमीटरने घटतो असे धरले, तर थांबेपर्यंतचे एकूण अंतर ६३ मीटर होते. वेग निम्मा, म्हणजे ताशी ४० किलोमीटर असता तर हेच अंतर २१ मीटर झाले असते. वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यानंतरचे अंतर चौपट होते, हा नियम येथे दिसून येतो.

भरलेल्या मालमोटारीचा हिशेब निराळा आहे. तिचे ब्रेक दाबाखालील हवेवर चालतात आणि ती हवा नळ्यांतून चाकांपर्यंत पोचण्यास काही अंश सेकंद लागतो. हा विलंब अर्धा सेकंद आणि वेगातील घट दर सेकंदाला ताशी १४ किलोमीटर धरली, तर ताशी ८० किलोमीटरवरून थांबण्यास तिला सुमारे ९७ मीटर लागतात. म्हणून मालमोटारीच्या पुढे दिसणारी मोकळी जागा ही रिकामी जागा नव्हे. ती तिची थांबण्याची जागा आहे. तिला ओलांडून लगेच तिच्यासमोर शिरणारा मोटारचालक ती जागा हिरावून घेतो व आपलेच रक्षण करणारे अंतर नाहीसे करतो.

पुढील वाहनापासून किती अंतर ठेवावे हे मोजण्याची रीत सोपी आहे. पुढचे वाहन एखाद्या झाडाजवळून किंवा किलोमीटरच्या दगडाजवळून गेले, की ‘एकशे एक, एकशे दोन’ असे सावकाश म्हणावे. हे म्हणून होण्यापूर्वीच आपण त्या खुणेपाशी पोचलो, तर आपण फार जवळ आहोत. पावसात हा काळ दुप्पट करावा. मालमोटारीच्या चालकाने तर कोरड्या रस्त्यावरही तो अधिक ठेवावा.

घाटाच्या उतारावर आणखी एक अडचण उभी राहते. १६ टनांची मालमोटार ५०० मीटर उंचीवरून खाली उतरते तेव्हा जी ऊर्जा मोकळी होते, ती सुमारे अडीचशे लिटर पाणी उकळीपर्यंत तापवण्यास पुरेशी असते. ही सारी उष्णता ब्रेकमध्येच जिरवावी लागली, तर ते तापून निकामी होऊ लागतात. म्हणून बोरघाटासारख्या उतारावर मालमोटार खालच्या गिअरमध्ये उतरवावी लागते, म्हणजे इंजिनच वेग रोखून धरते. इंधन वाचवण्यासाठी गिअर सोडून गाडी उतारावर मोकळी सोडणे हे अत्यंत घातक आहे. उतारावर संथपणे चाललेल्या मालमोटारीच्या मागे हॉर्न वाजवणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे, की ती सावकाश चालली आहे म्हणूनच सर्वजण सुरक्षित आहेत.

३. चालकाला न दिसणारा प्रदेश

मालमोटारीचा चालक उंच बसतो, म्हणून त्याला सर्व काही दिसते असे वाटते. दूरचे त्याला खरोखरच चांगले दिसते. जवळचे दिसत नाही. गाडीच्या नाकासमोरील काही मीटर, पाठीमागील बराच भाग आणि दोन्ही बाजूंचे पट्टे त्याच्या दृष्टीआड असतात. भारतात चालक उजवीकडे बसतो, त्यामुळे डाव्या बाजूचा पट्टा अधिक रुंद असतो. पूर्वापार डाव्या खिडकीशी बसणारा क्लीनर हाच त्या बाजूचा डोळा असे. तो नसेल तेव्हा सारी भिस्त आरशावरच राहते.

मागील बाजूचे हेच अंधत्व ‘हॉर्न ओके प्लीज’ या सुपरिचित अक्षरांच्या मुळाशी आहे. मागून येणारा दिसत नसेल, तर निदान ऐकू तरी यावा अशी ती विनंती होती. त्यामुळे निष्कारण हॉर्न वाजवण्यास उत्तेजन मिळते, या कारणास्तव महाराष्ट्र शासनाने २०१५ साली या अक्षरांना मनाई केली. ध्वनीवर विसंबण्यापेक्षा अधिक भरवशाची एक कसोटी प्रत्येकाच्या हाती आहे. मालमोटारीच्या आरशात तिच्या चालकाचा चेहरा दिसत नसेल, तर त्यालाही आपण दिसत नाही असे समजावे. अशा जागी रेंगाळू नये. एकतर मागे राहावे, किंवा पुढचा रस्ता मोकळा असल्याची खात्री करून उजवीकडून विनाविलंब पुढे जावे.

४. वळणाचा सापळा

लांब वाहन वळते तेव्हा त्याची मागची चाके पुढच्या चाकांच्या वाटेने जात नाहीत. ती वळणाच्या आतल्या बाजूस सरकतात. पुढच्या व मागच्या चाकांतील अंतर ५ मीटर असेल आणि पुढची बाजू १० मीटर त्रिज्येच्या वर्तुळावर वळत असेल, तर पायथागोरसच्या सिद्धान्तावरून मागच्या बाजूची त्रिज्या सुमारे ८.६६ मीटर येते. म्हणजे मागची चाके जवळजवळ १.३ मीटर आत येतात. जोडगाडी लावलेल्या लांब मालमोटारीत हे अंतर याहूनही वाढते.

यामुळेच अरुंद चौकात डावीकडे वळण्यापूर्वी मालमोटार प्रथम थोडी उजवीकडे घ्यावी लागते. त्या क्षणी तिच्या डावीकडे एक मोकळी फट दिसते. मोटारसायकलस्वाराला ती वाट वाटते. पण काही सेकंदांतच मागची चाके तीच जागा व्यापणार असतात, आणि ती चालकाला न दिसणाऱ्या प्रदेशातही असते. वळू पाहणाऱ्या मालमोटारीच्या डावीकडून कधीही शिरू नये, हा नियम दुचाकीस्वाराने सर्वांत आधी शिकावा.

५. लहान असण्याचा धोका

मोटारसायकलीचे संकट उलट प्रकारचे आहे. दुरून येणाऱ्या वाहनाची प्रतिमा डोळ्यात किती झपाट्याने मोठी होते, यावरून आपण त्याच्या वेगाचा अंदाज घेतो. मोटारसायकलीची प्रतिमा लहान असल्याने तिची वाढ लवकर जाणवत नाही. ती दूर व संथ आहे असे वाटून मोटारचालक तिच्यासमोर वळतो. ती अधिक ठळक दिसावी म्हणून १ एप्रिल २०१७ पासून भारतात नव्या दुचाकींचा पुढचा दिवा इंजिन सुरू होताच आपोआप लागतो व दिवसाही जळत राहतो.

दुचाकीचा तोल ही दुसरी मर्यादा होय. मोटारीचे चाक वाळूवर घसरले तरी ती उभी राहते. मोटारसायकलीचे पुढचे चाक ब्रेकने जखडले, तर ती आडवी होते. खड्डा, सांडलेले तेल किंवा पहिल्या पावसाचा निसरडा थर चुकवण्यासाठी स्वाराला अचानक बाजूला सरावे लागते. म्हणून मोटारसायकलीला ओलांडताना तिला मोटारीइतकीच रुंद जागा द्यावी. रस्त्याच्या कडेला मोटारीचे दार उघडण्यापूर्वी मागे वळून पाहावे, हेही त्याच नियमाचे अंग आहे.

मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या १२९ व्या कलमाने दुचाकीस्वाराला व त्याच्या मागे बसणाऱ्याला हेल्मेट आवश्यक केले आहे. हेल्मेटच्या आतील फेसासारखा थर आघाताच्या वेळी दबतो, डोके थांबण्याचा काळ लांबवतो व त्यामुळे मेंदूवरील बल घटवतो. २०२२ साली मृत्यू पावलेल्यांपैकी ५०,०२९ जणांनी हेल्मेट घातलेले नव्हते. हनुवटीचा पट्टा न बांधलेले हेल्मेट आघाताच्या क्षणी डोक्यावर राहीलच याची शाश्वती नसते.

६. रात्र आणि उभी गाडी

रात्री रस्त्यात बंद पडलेली मालमोटार चालत्या मालमोटारीइतकीच धोक्याची असते. दिव्याच्या झोतात ४० मीटरपर्यंतचेच दिसत असेल आणि थांबण्यास ६३ मीटर लागत असतील, तर दिसले तरी उपयोग नाही. शिवाय तिचा मागचा भाग उंच असल्याने मोटारीचे बॉनेट त्याखाली शिरते आणि आघात थेट काचेवर होतो. हे टाळण्यासाठी मालमोटारीच्या मागे आडवा अडसर व प्रकाश परावर्तित करणाऱ्या पट्ट्या लावतात. त्या पट्ट्या धुळीने झाकल्या गेल्या तर निरुपयोगी ठरतात. बंद गाडीमागे दगड व झाडाच्या फांद्या ठेवण्याची प्रथा सोडून द्यावी. हे दगड पुष्कळदा तसेच मागे राहतात आणि दुचाकीस्वारांचे प्राण घेतात. त्यांच्या जागी परावर्तक त्रिकोण पुरेशा अंतरावर मांडावा.

७. शाळेत करण्याजोगा प्रयोग

शाळेच्या पटांगणात एक मालमोटार उभी करून तिचे इंजिन बंद करावे, किल्ली शिक्षकांनी आपल्याजवळ ठेवावी. एका विद्यार्थ्याने चालकाच्या जागी बसावे. इतरांनी गाडीभोवती फिरावे आणि बसलेला विद्यार्थी ‘दिसत नाही’ असे म्हणेल त्या प्रत्येक जागी खडूने खूण करावी. सर्व खुणा जोडल्या असता न दिसणाऱ्या प्रदेशाचा नकाशा तयार होतो. त्यात किती विद्यार्थी उभे राहू शकतात हे मोजावे. डाव्या व उजव्या बाजूंच्या क्षेत्रफळांची तुलना करावी. हा नकाशा ज्याने एकदा पाहिला, त्याला मालमोटारीजवळून जाताना निराळ्या उपदेशाची गरज भासत नाही.

मालमोटारीला झटकन थांबता येत नाही व जवळचे दिसत नाही. मोटारसायकलीला आघात सोसत नाही व ती सहज नजरेस पडत नाही. मोटार या दोहोंच्या मध्ये असल्याने तिच्यावर दोन्हींचे भान ठेवण्याची जबाबदारी येते. ज्याचे वाहन जड, त्याने अधिक सावध असावे. ज्याचे वाहन हलके, त्याने आपण दिसत नाही असेच धरून चालावे. दुसऱ्याच्या मर्यादा लक्षात घेऊन स्वतःचा वेग व जागा ठरवणे, एवढ्यानेच पुष्कळ प्राण वाचू शकतील.