गोलंदाजाचा हिशोब

आपल्या संघातल्या एका लेगस्पिनरने एका सामन्यात पाच बळी घेतले, पुढच्या तीन सामन्यांत एकही नाही. त्याला वगळावे, असे काही पालकांनी सुचवले. आम्ही म्हटले, आधी इंदूरला येऊन घडलेल्या नरेंद्र हिरवाणींचा हिशोब वहीत मांडू.

जानेवारी १९८८, मद्रास. वेस्ट इंडिजविरुद्ध पदार्पणाच्या कसोटीत १३६ धावांत १६ बळी, सरासरी ८.५. एकूण १७ कसोटींत ६६ बळी, सरासरी ३०.१०. पहिली कसोटी वजा करा. उरतात ५० बळी, सरासरी सुमारे ३७!

मग ते १६ बळी नशिबाचे? खेळपट्टी फिरकीला फार अनुकूल होती, हे खरे. पण बळी कसे मिळाले तेही पाहावे. पहिल्या डावात ६८ धावांवर जमलेले रिचर्ड्स त्रिफळाचीत झाले. दुसऱ्या डावात बडोद्याच्या किरण मोरे यांनी पाच जण यष्टिचीत केले, बहुतेक हिरवाणींच्याच चेंडूंवर. पुढे सरसावलेला फलंदाज चेंडूला चुकतो, तेव्हा तो फसलेला असतो. सीमारेषेवर झेल देणाऱ्याबद्दल तसे खात्रीने सांगता येत नाही. प्रथम श्रेणीत हिरवाणींनी ७०० हून अधिक बळी घेतले, ते एका खेळपट्टीच्या जोरावर नव्हेत.

आता आपले स्कोअरबुक. या मुलाच्या पाच बळींपैकी तीन तळाच्या फलंदाजांचे, फुलटॉसवर. उलट त्या तीन ‘रिकाम्या’ सामन्यांत स्लिपमध्ये दोन झेल सुटले आणि एक यष्टिचीत हुकला, तेही सलामीच्या फलंदाजांचे. स्कोअरबुकात याला रकाना नाही. आम्ही समासात पेन्सिलीने नोंदले होते.

मुलगा शनिवारी खेळेल. यष्टिरक्षकाने मात्र सरावाला अर्धा तास आधी यावे.