लोकर, सुया आणि मांजर
थंडी पडली की वस्तीत दुपारी सुया-लोकर बाहेर निघते. गुंडा हलला की मांजर झडप घालणारच. माझ्या मांजरीने अर्धा स्वेटर दोनदा उसवलाय. खेळू द्या, पण डोळ्यांसमोर.

मांजरीच्या जिभेवर मागे वळलेले काटे असतात. धागा तोंडात गेला की थुंकता येत नाही, गिळलाच जातो. मग आतड्याला चुण्या पडतात, कधी ते कापलंही जातं. तोंडातून किंवा शेपटीखालून धागा लोंबत असेल तर ओढू नका, जनावरांच्या डॉक्टरकडे न्या. विणून झालं की लोकर झाकणाच्या डब्यात.

आता आपलं. खेळताना नख किंवा दात लागला तर हळद, चुना, तेल काही लावायचं नाही. वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा. "घरचीच मांजर आहे, काय होतंय?" हे मी ड्युटीवर फार ऐकलं. रेबीज मांजरीपासूनही होतो, आणि लक्षणं दिसू लागल्यावर माणूस सहसा वाचत नाही. रक्त आलं असेल तर लसीसोबत जखमेत सीरमचं इंजेक्शनही लागतं. ताई, तेही विचारून घ्या. पुढच्या डोसच्या तारखा कार्डावर लिहून मागा.