तीन दिवस दबा धरून बसणारं विष

प्रश्न : बोरिवलीतल्या आमच्या सोसायटीत जिन्याखाली उंदरांसाठी निळ्या-हिरव्या वड्या ठेवतात. शेजाऱ्यांच्या कुत्र्याने एक खाल्ली. तीन दिवस तो ठणठणीत होता, चौथ्या दिवशी नाकातून रक्त आलं. विष लगेच का भिनलं नाही?

उत्तर : भिनलं त्याच दिवशी, दिसलं उशिरा. अशा वड्यांत बहुधा ब्रोमाडायोलोन असतं. रक्त गोठवणारे घटक बनवताना यकृत ‘के’ जीवनसत्त्व पुन्हा पुन्हा वापरतं. हे विष तो पुनर्वापरच बंद पाडतं. रक्तातला आधीचा साठा पुरतो तोवर कुत्रा जेवतो, खेळतो. तीन ते पाच दिवसांत साठा संपतो आणि रक्तस्राव सुरू होतो. नाकातून आलेलं रक्त निदान दिसतं तरी. पुष्कळदा ते छातीत साचतं आणि घरच्यांना दिसते फक्त धाप, खोकला, मलूलपणा. ओठ वर करून हिरड्या पाहा. गुलाबीऐवजी पांढुरक्या असल्या किंवा शी डांबरासारखी काळी झाली, तर रात्र काढू नका.

खरं तर लक्षणांची वाट पाहायचीच नाही. पहिल्या काही तासांत डॉक्टर उलटी करवून बरंचसं विष बाहेर काढू शकतात. नंतर ‘के-१’च्या गोळ्या, बहुधा तीन-चार आठवडे. कुत्रा हुशार दिसू लागला की लोक गोळ्या थांबवतात, आणि रक्तस्राव पुन्हा सुरू होतो. शेवटच्या गोळीनंतर ४८ तासांनी रक्ताची तपासणी करून घ्यावीच.

बाकीची विषं इतकी थांबत नाहीत. काही कीटकनाशकांनी काही मिनिटांत किंवा तासांत लाळ गळते, बुबुळाची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते, अंग थरथरतं. पावसाळ्यात आरे किंवा नॅशनल पार्कच्या कडेला राहणाऱ्यांनी भेक लक्षात ठेवावा. कुत्र्याने तो तोंडात धरला की लगेच फेस येतो. त्याचं तोंड खाली झुकवून, पाणी पोटात जाऊ न देता नळाखाली धुवा आणि डॉक्टर गाठा.

घरी मीठ-पाणी पाजून उलटी काढू नका. मीठच जिवावर बेतू शकतं. दूध-पोळीही नको. उंदरांच्या काही औषधांत झिंक फॉस्फाईड असतं. अन्नाने पोटातलं आम्ल वाढलं की त्यातून फॉस्फिन वायू जास्त सुटतो. अशा कुत्र्याच्या उलटीला लसणासारखा वास येतो. तो वायू माणसालाही बाधतो, म्हणून खिडक्या उघडा. दोन्ही विषांचे उपचार वेगळे, तेव्हा पेस्ट कंट्रोलवाल्याकडून औषधाचं वेष्टन मागून घ्या आणि डॉक्टरांना दाखवा.