आधी आई बघ

अगं, चेन्नईत कुत्र्याचं पिल्लू घ्यायचंच ठरलंय ना, मग एक खूणगाठ बांध: पिल्लू नंतर, आधी त्याची आई बघायची. फोटोतली नाही, समोरची. विकणाऱ्याच्या घरी जाऊन "अम्मा एंगे?" विचारायचं, एवढं तमिळ तुला आता येतं. "गावाला ठेवलीय", "आत्ताच फिरायला नेली" असं काही ऐकलं की चपला घालून निघायचं. "पिल्लू सेंट्रल स्टेशनवर आणून देतो" म्हणणाऱ्याचा पत्तासुद्धा विचारू नकोस. ब्रॉडवेच्या रविवारच्या बाजारातही नको. तिथे आई दिसतच नाही, आणि कुठकुठली पिल्लं एकत्र ठेवल्यावर पार्व्होच्या विषाणूला वाट मोकळी.

आई दिसली की तिच्याजवळ थोडा वेळ नुसती बस. पाजणारी कुत्री जरा रोडावतेच, त्याचं मनावर घेऊ नकोस. पण अंगावर चट्टे असतील, मालक जवळ येताच ती शेपूट पोटाखाली घालत असेल, तर तिथलं पिल्लू कितीही गोड असो, घेऊ नकोस. मग विचार, हे तिचं कितवं वेत? केंद्राचे 2017 चे नियम आहेत: 18 महिन्यांची होईपर्यंत कुत्रीपासून पिल्लं घ्यायची नाहीत, वर्षात एकच वेत, सगळ्या आयुष्यात पाच. विकणाऱ्याकडे राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाची नोंदणी लागते, तीही मागून बघ. पिल्लू आठ आठवड्यांच्या आत आईपासून तोडायचं नाही, हाही नियमच. त्या दिवसांत भावंडांशी मस्ती करताना चावा किती जोराचा लागतो ते पिल्लू शिकतं. लवकर आणलेलं पिल्लू मग तुझ्या हातांवर शिकतं.

"पेपर आहेत" म्हणाले की भुलू नकोस. केनेल क्लब ऑफ इंडियाचं ऑफिस आपल्या अण्णानगरातच आहे, त्यांचा दाखला खरा असला तरी त्यावरून वंश कळतो, तब्येत नाही. तब्येतीसाठी लसीचं पुस्तक उघड: प्रत्येक लसीपुढे बाटलीवरचं लेबल आणि डॉक्टरांची सही हवी.

हस्की मनातून काढून टाक, मे महिन्यात इथे माणसांचे हाल होतात. राजपालयम घेतेस तर मला आनंदच आहे, आपल्याच मातीतलं कुत्रं, 2005 साली टपाल तिकिटावरही आलेलं. फक्त पांढऱ्या राजपालयममध्ये जन्मतः बहिरेपणा आढळतो. सगळी पिल्लं एकत्र असताना तो कळत नाही; बाकीची दचकून उठली की बहिरंही त्यांच्या मागे उठतं. म्हणून एकेकाला दुसऱ्या खोलीत ने, त्याचं लक्ष नसताना पाठीमागे किल्ल्यांचा जुडगा वाजव. जमिनीवर आपटू नकोस, फरशीचा हादरा त्याला जाणवतो. एकाच कानाने बहिरं असेल तर मात्र यातून कळणार नाही, त्याला डॉक्टरांची तपासणीच हवी.

चांगला माणूस तुलाच उलट विचारेल: दिवसभर घरी कोण असतं, फ्लॅट कितव्या मजल्यावर, गावाला गेलात तर काय कराल? राग मानू नकोस, असाच माणूस शोधायचाय. पैसे देताना एवढंच लिहून घे की दोन दिवसांत वेपेरीच्या व्हेटर्नरी कॉलेजच्या दवाखान्यात दाखवीन आणि काही निघालं तर पिल्लू परत घ्याल. यालाच तो तयार नसेल तर टोकनही देऊ नकोस.

जायचा दिवस ठरला की कळव, मी येते. तू कागद वाच, तोवर मी आईपाशी बसते.