आंधळे पिल्लू

मांजर गोष्टींतून वाघाची मावशी म्हणून मिरवत असले, तरी आपल्या गावांतून त्याच्या वाट्याला येणारे जिणे फारसे मानाचे नसते. उंदीर धरते तोवर ते घरचे. पण त्याने माळ्यावर पिले घातली, की तीच पिले पोत्यात भरून गावाबाहेर सोडून देण्याची रीत पुष्कळ ठिकाणी आढळते. ही रीत निर्दय तर आहेच, पण तो कायद्याने अपराधही आहे, हे थोड्यांनाच ठाऊक असते. राज्यसभेच्या सदस्य असताना रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी प्राण्यांच्या छळाचा प्रश्न नेटाने लावून धरला आणि १९६० साली त्याविषयीचा कायदा झाला. प्राणी उपाशी मरेल अशा स्थितीत त्याला कारणावाचून टाकून देणे हा त्या कायद्यान्वये गुन्हा आहे.

अशाच टाकून दिलेल्या एका पिलाची ही हकीकत आहे. आमचे पूर्णा गाव म्हणजे रेल्वेचे जंक्शन. मनमाड, नांदेड आणि अकोला या तीन दिशांचे रूळ येथे एकत्र येतात. स्थानकाच्या आसपास मांजरांचा वावर नेहमीचाच. एके दिवशी शाळेतून येताना आमच्या नातीला मालधक्क्याच्या भिंतीशी तळहाताएवढे एक पिल्लू दिसले. तिने ते लगेच उचलले नाही, हे तिने फार चांगले केले. मांजरी भक्ष्य शोधावयास गेली, म्हणजे पिलांना कित्येक तास एकटे ठेवते. अशा वेळी पिल्लू उचलणे म्हणजे त्याला आईपासून तोडणे होय. दिवेलागण झाली तरी मांजरी फिरकली नाही, तेव्हा मी जुना पंचा घेऊन गेलो व त्यात गुंडाळून पिल्लू घरी आणले. अनोळखी जनावराला उघड्या हाताने धरू नये. मुलांनो, ते चावले अथवा त्याने ओरखडले, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. कारण पिसाळण्याचा रोग मांजरापासूनही होऊ शकतो.

दिव्याच्या उजेडात पाहिले, तो पिलाचे दोन्ही डोळे पुवाने चिकटलेले. नातीची आजी म्हणाली, ‘‘अगं बाई, डोळस मांजराचे करता करता पुरेवाट होते, हे आंधळे कोण सांभाळणार?’’ त्यांचा प्रश्न कठोर नव्हता, रास्त होता. त्याचे उत्तर मात्र त्या रात्री कोणापाशीच नव्हते.

दुसऱ्या दिवशी आम्ही पिल्लू परभणीस नेले. जनावरांचा दवाखाना म्हणजे बैल-म्हशींचा, अशी खेड्यापाड्यांतून समजूत असते आणि तिला आधारही आहे. मुंबईत परळ येथे बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचे जनावरांचे रुग्णालय एकोणिसाव्या शतकात निघाले व १८८६ साली त्याच आवारात पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, त्या काळी मुख्य रोगी म्हणजे गाड्यांचे बैल आणि घोडेच असत. परभणीस असे महाविद्यालय १९७२ पासून आहे. आज अशा ठिकाणी मांजरेही तपासली जातात.

पशुवैद्यांनी सांगितले, की मांजरांना सर्दीसारखा एक विषाणुजन्य रोग होतो. रस्त्यावरच्या लहान पिलांचे डोळे बहुधा त्यानेच जातात. या पिलाचा एक डोळा फुटलेला होता व दुसऱ्यावर पांढरा पडदा आला होता. शिवाय हा विषाणू शरीरातून पुरता जात नाही. तो दबा धरून बसतो आणि जनावर घाबरले वा अशक्त झाले, की पुन्हा डोके वर काढतो. मग त्यांनी नातीकडे पाहून विचारले, ‘‘औषध मी देईन, पण दिवसातून चार वेळा ते डोळ्यांत घालणार कोण?’’

‘‘मी घालीन,’’ ती म्हणाली.

घरी आल्यावर मी तिला पाटी-पेन्सिल घेऊन बसविले. घरात नीट सांभाळलेले मांजर १२ ते १५ वर्षे जगते, कधी त्याहूनही अधिक. तिचे वय होते ११. म्हणजे हे मांजर म्हातारे होईल, तेव्हा ती २५-२६ वर्षांची असेल. माझे वय होते ६४. त्यात १५ मिळविल्यावर येणारा आकडा तिने लिहिला व ती गप्प झाली. म्हणून तिच्या वडिलांनाही बोलावून घेतले, आणि आमच्या पश्चात मांजर त्यांच्या घरी जाईल असे ठरले. तेव्हा कोठे पिलाचे नाव ठेवले: ठकी.

खरी अडचण खाण्याची निघाली. आमचे घर शाकाहारी. दूध-पोळीवर मांजर पोसले जाते असे आपण मानतो, परंतु मोठ्या मांजराला गाईचे दूध सहसा पचत नाही. त्याच्या हृदयाला व दृष्टीला लागणारे टॉरिन नावाचे द्रव्य मांस-मासळीतून मिळते. ते मांजराचे शरीर स्वतः पुरेसे तयार करू शकत नाही. चार दिवस घरात खल झाला. शेवटी आजीनेच तोड काढली: परसात वेगळी चूल, वेगळे पातेले. नदीवरचे मासे आणून, उकडून व काटे काढून नात ते ठकीला भरवी. दुसरी खबरदारी औषधांची. माणसे तापावर घेतात ती पॅरासिटामॉलची गोळी मांजराला विषासारखी बाधते. मांजराचे यकृत ती निकामी करू शकत नाही. पशुवैद्यांना विचारल्यावाचून घरातले कोणतेही औषध मांजराला देऊ नये.

आंधळेपणाचे म्हणाल, तर त्याचा त्रास ठकीपेक्षा आम्हांसच अधिक वाटला. मांजराच्या मिशांच्या मुळाशी अतिशय संवेदनशील मज्जातंतू असतात. फट केवढी आहे व भिंत किती जवळ आहे, हे त्याला मिशांवरून कळते. कान तर ते हव्या त्या दिशेला वळविते. महिनाभरात ठकीने घराचा नकाशा पाठ केला. आमच्याकडे एवढेच काम उरले, की तो नकाशा बदलू द्यायचा नाही. पाण्याचे भांडे कोपऱ्यात, मातीचे घमेले न्हाणीच्या दाराशी. कपाट जेथे आहे तेथेच. तिला एकटीला अंगणात मात्र सोडीत नाही. दिवाळीची रंगसफेदी आम्ही एका वेळी एकाच खोलीची करतो. फटाके सुरू झाले, की तिला आतल्या खोलीत ठेवून दार लावून घेतो. तरीही एखाद्या वर्षी शिंका येतात, डोळा गळू लागतो आणि पुन्हा परभणी गाठावी लागते.

नात आता शिक्षणासाठी नांदेडला असते. जाण्यापूर्वी तिने औषधाच्या वेळा, मासे किती शिजवायचे आणि कोणती लक्षणे दिसली तर थांबायचे नाही, हे सारे एका कागदावर लिहून स्वयंपाकघराच्या दारामागे चिकटविले. अक्षर मोठे काढले आहे; चष्मा न लावताही आजीला वाचता येते.