चतुराला गाडी पाणी का वाटते?

प्रश्न : गणपतीच्या सुमारास आमच्या काळ्या गाडीच्या बॉनेटवर चतुर येतो आणि पुन्हा पुन्हा शेपटी टेकवून जातो. शेजारच्या पांढऱ्या गाडीकडे मात्र फिरकतही नाही. असं का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : ती मादी आहे आणि ती अंडी घालते आहे. पाण्यावर घिरट्या घालायच्या, शेपटीचं टोक बुडवून अंडी सोडायची, लगेच वर उडायचं, ही तिची रीत. तुमचं बॉनेट तिच्या लेखी डबकं आहे.

आपण पाणी ओळखतो ते लाटांवरून, ओलाव्यावरून, काठच्या गवतावरून. चतुर मुख्यतः ओळखतो ते पाण्यावरून परतणाऱ्या प्रकाशावरून. सूर्यप्रकाशाच्या लहरी सगळ्या दिशांनी कंप पावत येतात. पाण्याच्या सपाट पृष्ठभागावरून तिरपा परतलेला प्रकाश मात्र बहुतेक आडवाच कंप पावतो. हाच ध्रुवित प्रकाश. आपल्याला हा फरक जाणवत नाही, कारण आपल्या डोळ्यात प्रकाश टिपणारे रेणू कसेही पसरलेले असतात. कीटकांच्या डोळ्यात ते फणीच्या दातांसारख्या ओळीनं लागलेल्या सूक्ष्म नळ्यांत एका दिशेनं बसवलेले असतात. त्या दिशेचा प्रकाश जास्त टिपला जातो.

घरात पोलराइज्ड गॉगल असेल तर तो घालून बॉनेटकडे तिरपं पाहा. चकाकी विझलेली दिसेल. आता मान खांद्याकडे कलती करा, चकाकी परत येईल. पाण्याच्या टाकीवर हेच करून पाहिलंत, तर गाडी आणि पाणी चतुराला सारखे का वाटतात ते तुमच्याच डोळ्यांना पटेल.

आता रंगाचं. हंगेरीत गाबोर होर्वाथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली दाखवून दिलं, की काळ्या आणि लाल गाड्या पाणकीटकांना ओढतात, पांढऱ्या आणि पिवळ्या फारशा नाहीत. पांढरा रंग प्रकाश आतून चहूकडे उधळतो आणि त्यात आडवा प्रकाश हरवून जातो. काळा रंग आतला प्रकाश गिळतो, उरते ती फक्त वरच्या थराची चकाकी. लाल रंग आपल्याला भडक दिसला, तरी निळा आणि अतिनील प्रकाश शोषतो. पुष्कळ पाणकीटक नेमका त्याच प्रकाशात पाणी शोधतात.

मला जास्त खुपतं ते पुढचं. गढूळ पाण्यातूनही थोडा प्रकाश उधळून वर येतो, त्यामुळे खरं डबकं अनेकदा बॉनेटइतकं ‘पाणीदार’ नसतंच. मादी शेजारचं डबकं सोडून गाडी निवडते, ती चुकून नव्हे, जास्त चांगलं पाणी समजून! अंडी उन्हात भाजून मरतात. तापलेल्या पत्र्यावर त्या अंड्यांतून आम्लधर्मी द्रव्यं तयार होऊन रंगाचा वरचा थर खराब होतो, असंही ब्राझीलच्या रसायनतज्ज्ञांना आढळलं आहे.

हीच नजर इतर कीटकांना वाट दाखवते. निळ्या आकाशाचा प्रकाशही ध्रुवित असतो. सूर्य ढगाआड असला तरी मधमाशी निळ्या तुकड्यावरून दिशा काढते, हे कार्ल फॉन फ्रिश यांनी १९४० च्या दशकाअखेरीस दाखवलं. आफ्रिकेतला एक शेणकिडा तर चांदण्यातल्या ध्रुवित प्रकाशावर शेणाचा गोळा सरळ रेषेत लोटत नेतो.

तुमच्यापुरता उपाय सोपा आहे. पावसाळा सरेपर्यंत बॉनेटवर जुनी, फिक्या रंगाची सुती चादर टाका. अंडी आधीच पडली असतील तर ऊन तापण्यापूर्वी ओल्या फडक्यानं पुसून घ्या.